चौथ्या लेमाचा चहा

सर,

तुमची वही शुक्रवारपासून माझ्या टेबलावर आहे. आज मंगळवार उजाडला तरी मी ती उघडलेली नाही. तेरवीच्या दिवशी पंगत उठल्यावर काकूंनी मला आत बोलावलं आणि साडीच्या दुकानाच्या पिशवीत घातलेली वही हातात दिली. "मंदा, हे तुह्यासाठी ठेवाले सांगितलं होतं त्याईनं. मले त्यातलं काही समजत नाही, पण शेवटी शेवटी हेच लिहून राहिले होते," म्हणाल्या. अमरावतीहून अकोल्यापर्यंत ती पिशवी मांडीवर घेऊन मी बसले. मधे मुर्तिजापूर आलं तेव्हा खिडकीतून बाहेरसुद्धा पाहिलं नाही.

वही पाहिली की कळतंच तुमची आहे ते. उरलेल्या उत्तरपत्रिकांची कोरी पानं, दाभणानं पांढऱ्या दोऱ्यात शिवलेली. चाळीस वर्षं शिकवलंत, पण विकतची वही कधी घेतली नाहीत. मी एकदा छान जाड पुठ्ठ्याची आणून दिली होती, तर तिच्यात काकूंनी दुधाचा हिशेब लिहिला.

उघडत नाही, कारण भीती वाटते. तुमच्यापुढे काय लपवायचं?  सकाळपासून तीनदा उठून गॅस बंद आहे का ते पाहून आले. परवा, गुरुवारी, अमरावतीला विद्यापीठात रेश्माची व्हायवा आहे. रेश्मा, आपली रेश्मा, धारणीच्या पलीकडच्या आश्रमशाळेत शिकवते आणि सहा वर्षं सुट्ट्या जाळून तिनं माझ्याकडे पीएच.डी. केली. तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण सगळंच्या सगळं आपल्या दोघांच्या पेपरातल्या चौथ्या लेमावर, त्या एका मधल्या विधानावर, उभं आहे. आणि तुमचा शेवटचा फोन त्या लेमाबद्दल होता.

"मंदा, चौथ्या लेमाचं बोलाचं हाय. ये एकडाव." एवढंच. मी म्हटलं, सर, सांगा ना आत्ताच, पेपरतपासणी सुरू आहे, गठ्ठे पडलेत. तुम्ही म्हणालात, "नाही, फोनवर नाही सांगत. ये तू." मी म्हटलं, पुढच्या शनिवारी नक्की. त्या शनिवारी मी आले, सर. पण तेव्हा तुम्ही अंगणात होता आणि लोक टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते.

काय सांगायचं होतं? लेमा बरोबर आहे, याचा एखादा सुंदर पुरावा सापडला होता? तसं असतं तर तुम्ही फोनवरच ओरडून सांगितलं असतं, शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असतं. आनंद तुमच्या पोटात कधी राहिला? वाईट बातमीच तुम्ही समोर बसवून सांगायचात. म्हणून उघडत नाही मी ही वही.

तुम्ही क्लोजर पहिल्यांदा शिकवलंत तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि वर्गात आम्ही तिघी मुली. बाकीचे मास्तर व्याख्या फळ्यावर लिहून मोकळे व्हायचे. तुम्ही विचारलंत, "लग्नाची यादी कोणी केली हाय काय घरी?" मग म्हणालात, एक नियम घ्या. ज्याला बोलावलं त्याच्या सगळ्या भाऊबंदांना बोलवायचं. दोन नावांनी सुरू करा आणि नियमाप्रमाणे यादी पुरी करा. आता पुरी झालेल्या यादीला तोच नियम पुन्हा लावा. एक तरी नाव वाढतं का? नाही वाढत. सगळे भाऊबंद आधीच आलेत. जे होतं ते सुटत नाही, नवं येतं ते नियमानंच येतं आणि दुसऱ्यांदा केलं तर काही वाढत नाही. हेच क्लोजर ऑपरेटर. पुढं एम.एस्सी.ला कॅटेगरी आल्या, म्हणजे वस्तू आणि त्यांना जोडणारे बाण, जाडजूड शब्द आले, पण आत मला दिसत राहिली ती तुमची यादीच. आज मी अकोल्यात मुलांना तीच सांगते. माझी म्हणून सांगते, तुमचं नाव घेत नाही. हेही कबूल करून टाकते.

दुसरा नियम तुम्ही नंतर आणलात. ज्याला बोलावलं त्याच्या गल्लीतल्या सगळ्यांना बोलवायचं. हाही एकटा घेतला तर शहाणा. एकदा लावला की पुन्हा काही वाढत नाही. आता दोन्ही जोडा. आधी भाऊबंद, मग गल्ली. आपला चौथा लेमा एवढंच म्हणतो की अशी जोडणीही एकदा केली की पुरे, दुसऱ्यांदा काही वाढत नाही. आपण ते भाऊबंद-गल्लीत लिहिलं नाही, चांगल्या भारी इंग्रजीत लिहिलं. पण म्हणणं तेच.

आणि सर, आपल्या दोघांना अक्कल कुठं होती? तुमच्या मुलीच्या लग्नाची यादी आठवते ना? तुम्ही हौसेनं नियमानं केली होती. आधी भाऊबंद, मग गल्ली. डायरी मिटलीत आणि म्हणालात, "झाली पुरी." काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गल्लीतल्या सरोजले बोलावलं आन् तिच्या भासऱ्याले नाही? तो काय म्हणन?" तुम्ही म्हणालात, नियमात बसत नाही. काकू म्हणाल्या, "तुमच्या गणितात नसन बसत. लग्नात बसवाच लागते." सरोजचा भासरा, म्हणजे तिचा थोरला दीर, आला, मग त्याचे भाऊबंद आले, मग त्यांची गल्ली. शेवटी अर्धी अमरावती जेवून गेली आणि आपण दोघं वाढता वाढता हसून लोळलो. हसलो, आणि पाच वर्षांनी तीच चूक पेपरात लिहिली. गणिताच्या दोन मास्तरांना जे दिसलं नाही ते काकूंना तांदूळ निवडता निवडता दिसलं होतं.

चूक लिहिली, असं मी आत्ता लिहून गेले. वही न उघडताच. म्हणजे मला माहीतच आहे की.

आपण दोघांनी लिहिली, हेही खोटं. मी लिहिली.

तो शनिवार मला पुसून टाकायचा होता, पण तो काही पुसला जात नाही. आपली पद्धत ठरलेली. तुम्ही बडनेऱ्याहून गाडी धरून यायचं, मी अकोल्याहून, मधे मुर्तिजापूरला उतरायचं आणि बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या, गवतात बुडालेल्या रुळांकडचा तो बाक धरायचा. कोणाच्या घरी गेलं की पाहुणचारात दिवस जातो, हे तुमचं म्हणणं. एकानं मांडायचं, दुसऱ्यानं प्रत्येक पायरीचं कारण मागायचं, फक्त "काहून?" विचारायचं. ज्याचं विधान पडलं त्यानं उठून चहा आणायचा. अकरा वर्षं आपण असं केलं. चहावाला लांबूनच ओळखायचा, आज कोण हरलं ते. बहुतेक मीच असायचे.

त्या दिवशी मी घाईत होते. पेपर सोमवारी पाठवायचा होता, माझी बढती अडकली होती, परतीची गाडी अर्ध्या तासावर होती. चौथ्या लेमाचा पुरावा मी एका ओळीत लिहिला होता. दोन्ही ऑपरेटर आपापले दुसऱ्यांदा काही वाढवत नाहीत, म्हणून जोडणीही वाढवत नाही, स्पष्ट आहे. तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवलंत.

"काहून?"

मी म्हटलं, सर, स्पष्ट आहे.

"कोणाले स्पष्ट हाय? तुले का मले?"

मी चार उदाहरणं भराभर करून दाखवली. चारही बसली. तुम्ही म्हणालात, "उदाहरणं बसली, आता पुरावा दे." आणि माझं डोकं फिरलं. माझा राग तुम्हाला माहीत आहे, नाकावर बसलेला असतो. मी म्हणाले, "सर, तुमचं वय झालं. तुम्हाला आता दिसत नाही, त्याला मी काय करू?"

एवढं लागणारं वाक्य मी माझ्या आयुष्यात कोणाला बोलले नव्हते.  चष्मा काढून पुसलात. कागदावर सही केलीत. आणि मग उठलात, काठी टेकत टपरीपर्यंत गेलात आणि दोन चहा घेऊन आलात. तुमचं कोणतं विधान पडलं होतं, सर? तुम्ही तर काही मांडलंच नव्हतं. मी तो चहा घेतला आणि प्यायले. तुम्ही मानलंत, असंच मी धरून चालले. इतकी बयताड, इतकी बिनडोक मी.

पेपर छापून आला. तपासणाऱ्यानंही मान डोलावली. मला बढती मिळाली. त्यानंतर तुमचे गुडघे वाढले, शनिवार कमी होत गेले आणि आपण फोनवर हवापाण्याचं बोलायला लागलो. अकोल्यात किती तापलं, अमरावतीत किती. माफी मागायची राहिली. दरवेळी वाटायचं, समोर भेटू तेव्हा मागू. आपण काय दोघंही समोरासमोरचीच माणसं.

बरं. आता उघडते. दुपारचे अडीच वाजलेत, बाहेर कुत्रंसुद्धा नाही.

उघडली, सर.

शेवटची चार पानं. अक्षर हललंय, पण ओळी सरळ आहेत. पहिल्याच ओळीत लिहिलंय, "रेश्माचा प्रश्न. धारणीहून फोन. टेकडीवर चढून केला म्हणे, खाली रेंज नाही." त्याखाली तिचा प्रश्न. जोडणी दुसऱ्यांदा काहून वाढत नाही?

म्हणजे पोरीनं तुम्हाला विचारलं होतं.

त्याखाली तीन टिपके. फक्त तीन. र, स, म. र आणि स भोवती एक गोल काढून लिहिलंय, एक गल्ली. स आणि म भोवती दुसरा गोल, भाऊबंद. मग तुम्ही म पासून सुरू केलंत. म चे भाऊबंद घेतले, स आला. गल्ली घेतली, र आली. एका फेरीत सगळे आले, यादी पुरी. मग र पासून. र चे भाऊबंद कोणी नाहीत. गल्ली घेतली, स आला. एक फेरी झाली, यादीत दोघंच. दुसरी फेरी करा. स चे भाऊबंद घ्या, म आली. वाढलं. दुसऱ्यांदा वाढलं, सर. लेमा पडला. तीन टिपक्यांत पडला. त्याला ना मोठी कॅटेगरी लागली ना जाडजूड शब्द.

आणि त्याखाली तुमची ओळ. "मंदानं चारही उदाहरणं म पासून सुरू केली होती. र पासून कोणी केलंच नाही."

मी ती ओळ वाचून उठले आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. किती वेळ उभी होते कोण जाणे. नळ तसाच चालू होता. र, स, म ही आपल्या तिघांची अक्षरं तुम्ही मुद्दाम निवडलीत की सहज आली, हे आता कोणाला विचारू?

पुढच्या दोन पानांत तुम्ही वाचवायचं पाहिलंय. आधी गल्ली मग भाऊबंद असं जाऊन जिथं पोचतो, तिथं आधी भाऊबंद मग गल्ली असं जाऊनही पोचता येत असेल, तर लेमा खरा. ही अट घाला आणि पुरावा खरंच एका ओळीचा आहे. मी तपासला. तीनदा. बसतो. रेश्माच्या पहिल्या तीन प्रकरणांना लेमा लागतच नाही. चौथ्यातली तिची मुख्य कॅटेगरी ही अट पाळते का, हे तुम्ही अर्धं करून पाहिलंत आणि मधेच थांबलात. पान तिथंच संपतं. तळाला फक्त, "रेश्माले सांगाचं. पण आदी मंदाले. लेमा तिचा हाय, तिनंच सांगाव."

रागावला असतात तर बरं झालं असतं, सर. चारचौघांत माझं पितळ उघडं पाडलं असतं तरी मी सहन केलं असतं. हे नाही सहन होत. मरता मरता तुम्ही मला माझी चूक स्वतःच्या तोंडानं सांगायची संधी राखून ठेवलीत, आणि मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासत बसले.

खोटं नाही सांगत, वही मिटल्यावर पहिला विचार वाईटच आला. परवा गुरुवार. बाहेरून येणारे परीक्षक दुसऱ्याच शाखेतले. कोणाला कळणार नाही. पोरीला पदवी मिळू दे, मग सावकाश दुरुस्ती छापू. काळजीपोटी येतं असं मनात. पण तुमचं बोट त्या ओळीवर दिसत होतं. फोन उचलला. रेश्माचा लागेना. चौदा वेळा लावला. पंधराव्यांदा तिचाच आला, टेकडीवरून.

मी सगळं एका दमात सांगितलं. तीन टिपके सांगितले. ती ऐकत होती, वाऱ्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "मॅडम, मी तुमाले दोनदा इचारलं होतं."

मी म्हटलं, हो. दोनदा.

"तुमी म्हटलं, पेपरात हाय, स्पष्ट हाय."

हो म्हटलं, रेश्मा. तसंच म्हटलं मी.

"म्हणून मी सरांले फोन केला. तुमाले न सांगता." आणि रडायलाच लागली बिचारी. तिला वाटत होतं तिनं माझ्या पाठीमागं काही केलं. तिच्या फोनमुळं सरांच्या जिवाला ताण झाला की काय, हेही ती इतके दिवस मनात घेऊन बसली होती. मी म्हटलं, बाई गं, त्यांना आयुष्यात कोणी "काहून?" विचारलं की त्यांचा जीव वाढायचा. हे तरी मी बरोबर बोलले ना, सर?

मग मी तिला सांगितलं की पदवी तुझी आहे, तू ठरव. आज अर्ज केला तर तारीख पुढं जाईल. दोष माझा आहे, तसं मी लिहून देईन.  ती म्हणाली, "मॅडम, जीप ठरली हाय. सतरा जण येऊन राहिले."

"सतरा? तू तर बाबा आणि काका म्हणाली होतीस!"

"हाव ना. मंग काकाच्या शेजारचे म्हणे आमी बी येतो. मंग त्याईचा भाऊ. मंग भावाच्या घराजवळचे..." आणि बोलता बोलता ती थांबली. मीही थांबले. मग दोघी हसलो, सर. पंधरवड्यात नाही, महिन्यात पहिल्यांदा हसले मी. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होते. सतरा जणांची जीप धारणीच्या घाटातून येणार आहे आणि त्या जीपलासुद्धा आपला लेमा मान्य नाही.

ती म्हणाली, "तारीख नका बदलवू मॅडम. मी फळ्यावर आदी हे तीन टिपकेच काढीन. लेमा खोटा हाय, हेच पहिले सांगीन. मंग अट घालून जेवढं उरते तेवढं."

"आणि तुझी कॅटेगरी अट पाळत नसली तर?"

"तर ते बी सांगीन. उद्या आकोटवरून अकोल्याले येतो मी, दोघी बसून पाहू."

उद्याचा एकच दिवस आहे. मी आत्तापासून घाबरले आहे. अर्धं पान तुम्ही केलंय, उरलेलं अर्धं आम्हाला जमेल की नाही, देव जाणे. नाही जमलं तर चौथं प्रकरण जाईल, परीक्षक काय म्हणतील, पदवी अडेल का, सतरा माणसांसमोर त्या पोरीचं काय होईल, सगळं डोक्यात गरगरतंय. एक मात्र ठरलंय. ती फळ्यापाशी जायच्या आधी मी उभी राहणार आहे आणि सांगणार आहे की ही ओळ माझी. सरांनी विचारलं होतं काहून म्हणून. रेश्मानं दोनदा विचारलं. मी तिघांनाही उत्तर दिलं नाही, त्यात तिसरी मी स्वतः.

काकूंना संध्याकाळी फोन करीन. सरोजच्या भासऱ्याची गोष्ट रेश्मा व्हायव्यात सांगणार आहे, त्यांची परवानगी लागेल. त्या म्हणतील, बाप्पा, एवढ्याशा गोष्टीले पीएच.डी. लागते काय.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी अमरावतीला निघू. मुर्तिजापूरला गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. या वेळी मी खिडकीतून बाहेर पाहीन. बाक दिसतो तिथून, टपरीही दिसते. तेवढ्या वेळात उतरून चहा आणणं होणार नाही, गाडी सुटेल. मी रेश्माला फक्त दाखवीन की सर तिथून काठी टेकत दोन कप घेऊन आले होते, आणि का आले होते तेही सांगीन.

तुमचं वय झालं नव्हतं, सर. तुम्हाला दिसत होतं. त्या दिवशीचा चहा मी आणायला हवा होता.

तुमची,
मंदा